सिद्धप्पांचं येडं गाणं

आमच्या इमारतीत कुणाच्या घरी काय शिजतंय हे कुणाला माहीत नसतं. गोजरबाईंच्या घरचं मात्र तिन्ही मजल्यांना माहीत असतं, कारण त्यांना ते नवऱ्याला ओरडून सांगावं लागतं. सकाळी शेपू करू का दोडका, इथून सुरुवात होते आणि मग दिवसभर सुनेच्या माहेरचं, मुलाच्या रक्तदाबाचं, गावाकडच्या वाटणीचं सगळं जिन्यातून खाली उतरत राहतं. एकदा तर अजिनाथच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या बदलीची बातमी त्याच्या ऑफिसाआधी आमच्या जिन्याला कळली. पूनम, त्यांची सून, त्या दिवशी खाली मान घालून स्कूटी काढून गेली.

सिद्धप्पांना ऐकू कमी येतं. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, पण वयाचा दोष तसा थोडाच. सगळी उमेद लाउडस्पीकरच्या कर्ण्याखाली गेली. वळसंगला त्यांची 'मायाक्का साउंड सर्विस' होती. आसपासच्या गावांतलं लग्न, जत्रा, बारसं, निवडणूक, सगळीकडे त्यांचाच आवाज. आता जुळे सोलापुरात मुलाच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीतल्या खुर्चीवर बसून असतात. समोरच्या रस्त्यावरची वाहनं त्यांना दिसतात, वाजत नाहीत.

गेल्या वर्षी अजिनाथ त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. बारीक, उंच आवाज गेलेलेच आहेत आणि उरलेलेही हळूहळू जातील, असं डॉक्टर म्हणाले. कानात मशीन लगेच बसवा, उशीर केलात तर मशीन असूनही शब्द उमगणार नाहीत, हेही सांगितलं. सगळ्यांना वाटलं, झालं, सुटलो. पण सिद्धप्पा बसवून घेईनात. त्यांच्या गावचे बिरुदेव म्हणून कुणी आहेत, त्यांनी मशीन लावलंय. त्यांनी सांगितलं म्हणे, की बोलणं चांगलं कळतं, पण भजन मात्र कढईत काहीतरी तळल्यासारखं ऐकू येतं.

तेव्हापासून सिद्धप्पांचं एकच. माझ्या त्या रेकॉर्डी मी एकदा माझ्या कानानं शेवटपर्यंत ऐकतो, मग काय पाहिजे ते कानात घाला.

कुठल्या रेकॉर्डी, हे मला गोजरबाईंनी सांगितलं. पाणी भरायच्या वेळेला आम्ही दोघी गच्चीवर होतो. त्या टाकीला टेकून बसल्या होत्या. एरवी हसतमुख बाई, पण त्या दिवशी चेहरा पार उतरलेला.

"थकले बघा ताई," त्या म्हणाल्या. "घसा नव्हं, जीवच थकला. नवरा-बायकूत चार गोष्टी हळू बोलायच्या अस्त्यात. त्या बोलायच्याच बंद झाल्यात. ओरडून सांगावं असं त्यात काय नसतंय, आन् हळू सांगितलं तर त्येंला कळत न्हाय. आन् हे बसल्यात रेकॉर्डी धरून."

मग त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं.

सिद्धप्पांचे वडील मेंढरं राखायचे. सिद्धप्पांना मेंढरांत गोडी नव्हती. होटगीला रेल्वेच्या चाळीत एक अँग्लो-इंडियन गार्ड राहायचा. तो कुटुंबासकट ऑस्ट्रेलियाला चालला होता आणि घरातलं सामान विकत होता. त्याच्याकडून सिद्धप्पांनी तबकड्या वाजवायचा चेंजर घेतला. निघताना गार्डाच्या बायकोनं एक जाडजूड कव्हर त्यांच्या हातात ठेवलं, तसंच, फुकट. आत दोन मोठ्या तबकड्या. वर रंगांचा नुसता चिखल, त्या चिखलातून माणसांची तोंडं वर आलेली. विलायतेतल्या चार पोरांनी साठच्या दशकाच्या शेवटी काढलेली ती गाणी. सिद्धप्पांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मराठीही बेतानंच.

गावात ही गाणी कोण ऐकणार? पण सिद्धप्पांनी त्याला काम शोधलं. लग्नाच्या सकाळी कर्णे झाडाला बांधले की आवाज तपासावा लागतो. त्यासाठी चांगलं गाणं लावलं तर मध्येच बंद करता येत नाही, लोक ओरडतात. ही तबकडी कितीही वेळा लावा, कितीही वेळा तोडा, कुणाची तक्रार नाही. शिवाय तिच्यात सगळ्या जातीचे आवाज होते. सुरुवातीला लहान लहान घंटा, मग खालून घुमणारी तार, मग सतार, मग पोरांचा गलका. घंटा स्वच्छ आल्या आणि घुमणं फाटलं नाही, की कर्णे बरोबर लागले.

हळूहळू तिचाच रिवाज झाला आणि गावानं त्या गाण्याचं नाव ठेवलं, येडं. शेतातल्या वस्तीवर घंटा ऐकू आल्या की माणसं म्हणायची, येडं लागलं, आटपा आता. बाया चूल विझवायच्या, गडी माणसं धुतलेली धोतरं नेसायची. बाराच्या अक्षतेला घड्याळ बघून कुणी निघत नव्हतं, येडं ऐकून निघायचे. एका लग्नात सिद्धप्पांनी ते लावलं नाही, तर मुलीकडची निम्मी माणसं अक्षता पडून गेल्यावर आली आणि वधूपित्यानं सिद्धप्पांनाच चार शब्द सुनावले.

पण खुद्द सिद्धप्पांनी ती गाणी कधी पुरती ऐकली नाहीत. घंटा, घुमणं, सतार, झालं. लगेच मांडवातून हाक यायची, सनई लाव, आता गाणी लाव. दोन्ही तबकड्यांच्या चारी बाजू एका बैठकीत ऐकायच्या, हे त्यांच्या मनात तेव्हापासून होतं. धंदा बंद केल्यावर ऐकू म्हणायचे. मग कॅसेटी आल्या, मग डीजेवाले आले, धंदा आपोआप बंद पडला. तोवर चेंजर मोडला होता आणि माणूसही.

"लगीन झाल्यापासनं ऐकतीया मी," गोजरबाई म्हणाल्या. "एक दिस सगळी लावनार. आता तुमीच सांगा, कानच ऱ्हायलं न्हाईत तर कवा लावनार?"

मी अजिनाथशी बोलले. तोही कंटाळला होता, पण ऐकून घेणारा मुलगा आहे. पुढच्या रविवारी वळसंगला गेला आणि चुलत्याच्या घरच्या माळ्यावरून ते कव्हर घेऊन आला. कडा उंदरांनी कुरतडलेल्या, तबकड्या मात्र धड. सिद्धप्पांनी त्या धोतराच्या सोग्यानं पुसल्या, उजेडात तिरप्या धरून पाहिल्या. 

कव्हरवरची अक्षरं वितळल्यासारखी वाकडीतिकडी होती, पण लागली वाचता. आतल्या पानावर गाण्यांचे शब्दही छापलेले. ती नुसती गाणी नव्हती, सगळी मिळून एक गोष्ट होती. एका शहरात रस्त्यावरचे दिवे लावणारा एक म्हातारा, संध्याकाळी निघतो आणि पहाटे घरी येतो. एकेक बाजू म्हणजे रात्रीचा एकेक प्रहर. मोबाइलवर शोधलं तर तीच गाणी मिळाली. त्यांच्याविषयी लोकांनी लिहिलेलंही सापडलं. कुणी म्हणत होतं की एवढा मोठा घास घ्यायला नको होता, कुणी म्हणत होतं की असं पुन्हा झालं नाही. त्या काळी म्हणे कुणी फारसं घेतलंच नव्हतं.

मला वाटलं, प्रश्न सुटला. पूनमनं तिचा छोटा स्पीकर आणला, मोबाइलला जोडला, सिद्धप्पांच्या कानाजवळ धरला. त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि मान हलवली.

"हे न्हवं."

पूनमनं कव्हरवरचं आणि मोबाइलवरचं चित्र शेजारी शेजारी धरून दाखवलं. तेच होतं.

"चित्र असंल तेच," ते म्हणाले. "गानं न्हवं ते. ही कुनी तरी मानसं पाय वढत चाललीत. आमचं गानं पळायचं. मुंडावळ्या बांदलेला नवरासुदा मान हलवायचा त्याच्यावर."

पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मग ते उठून बाल्कनीत गेले. आतून गोजरबाई त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, की आता ऑस्ट्रेलियाला जाऊन त्या गार्डाच्या बायकोला विचारून या. खालच्या मजल्यावर कुणीतरी हसलं. पण गोजरबाई हसत नव्हत्या. मशीनचं पुन्हा पुढं गेलं, हे त्यांना कळलं होतं.

तबकडी वाजवणारं यंत्र आता कुणाकडे असणार? पण सोलापुरात शोधलं की सापडतं. माझ्या नवऱ्याच्या ओळखीनं गुरुबसप्पा म्हणून एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा पत्ता लागला. जुने रेडिओ, जुने पंखे, तबकड्यांची दोन यंत्रं, सगळं एका खोलीत रचलेलं. अजिनाथ आणि पूनम दोघंही कामावर, म्हणून एका दुपारी मीच दोघांना रिक्षात घालून घेऊन गेले. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. सिद्धप्पांनी कव्हर पोटाशी धरलेलं.  दुकानाच्या पायरीवर गोजरबाई मला म्हणाल्या, हितंबी न्हाय म्हनले तर मी काय आता बोलनार न्हाय. बहिरं तर बहिरं.

गुरुबसप्पांनी "कूडरी, कूडरी" म्हणत स्टुलं पुढे केली. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. तबकडी चकतीवर ठेवली, वेगाचा खटका फिरवला आणि सुई ठेवली. तेच पाय ओढत चाललेलं गाणं. सिद्धप्पांनी लगेच हात वर केला.

"तो खटका तितं न्हाय. वर घ्या. पंचेचाळीसवर."

गुरुबसप्पांनी तबकडी उचलून त्यांच्यापुढे धरली आणि मधल्या कागदावर बोट ठेवलं. मोठी तबकडी आहे, मिनिटाला तेहतीस फेऱ्यांवरच वाजवायची असते, असं त्यांनी मोठ्यानं, सावकाश सांगितलं. पंचेचाळीस लहान तबकडीला.

सिद्धप्पांना पहिल्यांदा ते ऐकू आलं नाही असं मला वाटलं. पण आलं होतं. त्यांच्या पेटीत सगळ्या लहानच तबकड्या असायच्या. मोठ्या या दोनच. होटगीहून आणला तेव्हापासून त्या चेंजरचा खटका पंचेचाळीसवर गंजून बसलेला होता आणि त्यांना तो कधी हलवावा लागला नव्हता. इंग्रजी गाणं, ते असंच असणार, असं सगळ्यांनी धरलेलं. नवरदेवापासून बँडवाल्यापर्यंत कुणाच्या मनात शंका आली नाही. येणार तरी कशी?

"तरीबी लावा," ते हलकेच म्हणाले. "एक डाव माझ्यागत लावा."

गुरुबसप्पांनी खटका वर घेतला. आणि खरंच, काय गंमत झाली! तेच म्हातारं गाणं उड्या मारत सुटलं. पोरांचे आवाज बारीक, चिमण्यांसारखे झाले, सतार पळायला लागली. मला त्या उन्हात लग्नघर दिसलं. गोजरबाईंच्या चेहऱ्यावरही, किती दिवसांनी, हसू आलं. "ह्येच की ओ," त्या म्हणाल्या, "ह्येच. आमच्या लग्नातबी ह्येच."

सिद्धप्पा मात्र हसत नव्हते. स्टूल ओढून ते स्पीकरच्या अगदी जवळ गेले, मग कान लावला, मग तळहात.

"घंटा कुटं गेल्या?"

घंटा वाजत होत्या. आम्हा तिघांना स्वच्छ ऐकू येत होत्या. गुरुबसप्पांनी आवाज वाढवला, मग आणखी वाढवला. शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. सिद्धप्पा आमच्या तोंडांकडे बघत होते. आमच्या तोंडावरूनच त्यांना कळलं असावं.

"वाजत्यात व्हय?" त्यांनी गोजरबाईंना विचारलं.

त्यांनी मान हलवली, हो म्हणून. ओरडल्या नाहीत.

 मग सिद्धप्पांनी स्वतःच हात पुढे करून सुई उचलली. किती वर्षांची सवय. खटका तेहतीसवर आणला आणि सुई पुन्हा कडेला ठेवली. गाणं सावकाश सुरू झालं. सगळं खाली उतरलेलं, जड. आणि जरा वेळानं त्यांचं बोट हवेत उठलं. एकदा, मग पुन्हा, घंटेबरोबर.

"आल्या," ते म्हणाले.

मग ते बसले ते बसलेच. गुरुबसप्पा मागे पंख्याची मोटर उघडून बसले. गोजरबाई भिंतीला टेकल्या आणि तबकडीची दुसरी बाजू चालू असताना त्यांचा डोळा लागला. सिद्धप्पा गाणी ऐकताना डोळे मिटत नाहीत. सुईकडे बघत असतात, जसं कुणी दूध तापायला ठेवून बघत बसावं. मला त्यांनी एकदाच विचारलं, काय म्हणतो हा माणूस? मी कव्हर उघडून शब्द शोधले. दिवे लावणारा म्हणत होता की माझे गुडघे दुखतात, शिडी जड झालीय आणि अजून अर्धा रस्ता अंधारात आहे. हे मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, वाक्य तोडून तोडून सांगितलं.



"दमल्याल्या मानसाला आमी जलमभर पळवलं की ओ ताई," ते म्हणाले. "आन् वर अक्षता टाकल्या."

तिसऱ्या बाजूला एक छोटं गाणं होतं, नुसतं पेटीसारख्या वाद्याचं. तेवढं त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. चौथ्या बाजूला मात्र त्या पोरांनी अंतच पाहिला. पहाट होते म्हणून एकच सूर धरून बसले, सतार त्याच्याभोवती घिरट्या घालतेय, मध्येच कुणीतरी हसतंय, संपेल असं वाटलं की पुन्हा तेच. मला जांभया येत होत्या. गुरुबसप्पांनी मोटर जुळवून पंखा फिरवूनसुद्धा बघितला. सिद्धप्पांचे खांदे खाली आले होते, पण नजर हलली नाही. सुई मधल्या कागदापाशी जाऊन घासायला लागली तेव्हा त्यांनी ती उचलली आणि जागेवर ठेवली.

"झाली?" गोजरबाई जाग्या होऊन म्हणाल्या.

"झाली."

"कशी हाय?" हे त्यांनी ओरडूनच विचारलं.

सिद्धप्पांनी तोंड पुसलं, विचार केला. "तीन बाजू चांगल्या हाईत. चवथीत लई लांबीवलंय. मी असतो तर मधनंच बंद केलं असतं."

गुरुबसप्पा मोठ्यानं हसले. म्हणाले, मामा, एवढ्या वर्षांत तुम्ही दुसरं काय केलं? सिद्धप्पांना ते ऐकू आलं की नाही कुणास ठाऊक, पण तेही थोडं हसले. तबकड्या कव्हरात घालताना कुठली कुठल्या खणात हे त्यांनी दोनदा तपासलं. अजून एकदा पंचेचाळीसवर लावू का, असं गुरुबसप्पांनी खुणेनं विचारलं. सिद्धप्पांनी नको म्हणून मान हलवली.

परतताना रिक्षा सात रस्त्याच्या सिग्नलला थांबली. ऊन बाजूनं आत येत होतं. सिद्धप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढून कव्हरावर टाकला. ऊन लागलं की तबकडी वाकते, हे ते मला सांगत होते आणि मी मान हलवत होते. गोजरबाई मध्ये बसल्या होत्या. सिग्नल सुटायच्या आधी त्यांनी नवऱ्याच्या दंडाला हात लावला आणि तोंड त्यांच्या कानाशी नेलं.

"अजिनाथची उद्या सुट्टी हाय. मशीनला जायचं का?"

"काय?"

त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी मोठ्यानं. शेजारच्या मोटरसायकलवरच्या माणसानं वळून पाहिलं.

"जाऊ की," सिद्धप्पा म्हणाले. "सकाळीच जाऊ. दुपारचं ऊन सोसत न्हाय आता."

गोजरबाईंनी हात दंडावरून काढला नाही. डोळे मिटून मागे टेकल्या. रिक्षा सुरू झाली, आणि घर येईपर्यंत त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.